घड्याळाची किल्ली

जानेवारीत पाकीट येतं.
आत माझं नाव चुकीचं: मिसेस एन्टव्हिसल.
मी मिस आहे, चौऱ्याहत्तर वर्षं झाली.
आकडा मात्र पेनीपर्यंत बिनचूक.

रॉचडेलच्या कालव्यावरची ही गिरणी.
तिसऱ्या मजल्यावर माझी आई साच्यावर उभी असायची.
पाच मिनिटं उशीर झाला
की मुकादम मनोऱ्याकडे बोट दाखवायचा
आणि शुक्रवारच्या पाकिटातून ती पाच मिनिटं गळलेली असायची.
आता त्याच मजल्यावर मी बटाटे सोलते.
घर माझं, म्हणतात, एकशे पंचवीस वर्षांच्या बोलीवर.
भिंतींच्या मधली हवा माझी, भिंती त्यांच्या.
दाराचा आतला रंग माझा,
बाहेरचा त्यांचा.
ते म्हणजे कोण, विचारून बघा.
फोनमध्ये व्हायोलिन वाजत राहतं,
चहा गार होतो.

कागदावर लिहिलंय: जिना झाडणे.
जिना चौथ्या मजल्यावरची ग्राझिना झाडते,
कारण तिला बघवत नाही.
मग किरकोळ. मग किरकोळची देखरेख.
आणि अगदी खाली, जणू लाजत,
मनोऱ्यातील घड्याळास किल्ली देणे,
सहाशे चाळीस पौंड.

सहा वर्षं ते घड्याळ पावणेपाचला उभं आहे.

मी पत्र लिहिलं. पावत्या दाखवा,
हा माझा हक्क आहे, कलमासकट लिहिलं.
पावत्या नाही आल्या,
माझ्या पत्राला उत्तर देण्याचं बिल आलं.
तेव्हा मी हसले, खरंच, एकटीच, ओट्याला धरून.

छत्तीस घरं. निम्म्यांच्या सह्या लागतात.
झुल्फिकार रात्रभर टॅक्सी चालवतो,
त्याला पहाटे सहाला जिन्यात गाठलं.
केलीअ‍ॅनने बाळ माझ्या हातात दिलं
आणि माझ्याच पाठीवर कागद ठेवून सही केली.
दुसऱ्या मजल्यावरचा म्हातारा होल्ड्सवर्थ म्हणाला,
पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?
मी म्हटलं, बाबा, पाणी तुझ्या छतातून गळतंय.
तरी नाही केली.
सतरा झाल्या. सतरावर तीन महिने अडलो.
अठरावी आली स्पेनहून टपालाने,
मालकाची, ज्याने हे घर कधी पाहिलंच नव्हतं.

ऑक्टोबरात कारभार आमच्या हाती आला,
म्हणजे बुटांच्या खोक्यात चाळीस चाव्या,
एकीवरही नाव नाही.
मनोऱ्याचं कुलूप सव्विसाव्या चावीला उघडलं.
वर कबुतरं, कबुतरांचं सगळं, आणि घड्याळ.
झुल्फिकारने टॉर्च धरला.
आम्ही किल्लीचं भोक शोधलं.
पुढून, मागून, खालून,
ग्राझिनाने तर बोटांनी चाचपून.
भोक नव्हतं.
विजेवरचं होतं ते.
केव्हा बदललं, देव जाणे.
वायर लोंबत होती, प्लग बाहेर,
प्लगवर सहा वर्षांची धूळ, मऊ, सुतासारखी.

कोणी काही बोललं नाही.
मग झुल्फिकारने प्लग लावला
आणि काटा हलला, दचकल्यासारखा.

हे सांगून थांबावंसं वाटतं.
पण छपराचा माणूस येऊन गेलाय.
त्याचा आकडा ऐकून ग्राझिना खाली बसली.
आता बिल मी लिहिते, हाताने,
छत्तीस वेळा, नावं तपासून.
होल्ड्सवर्थ जिन्यात भेटला की म्हणतो,
वाढवलंत की तुम्हीपण.
हो, म्हणते मी, आणि पावत्यांची फाइल त्याच्यापुढे धरते.
तो चष्मा विसरलेला असतो. दर वेळी.

घड्याळ चार मिनिटं मागे चालतं.
दुरुस्त करायला पैसे पडतील,
ते सभेत ठरेल.
माझं मत विचाराल तर राहू दे.
ती चार मिनिटं आईची.
एक अजून येणं आहे.